सुपरफूडचा दावा ताटात तपासा: नागपूरच्या बाजारातून रोजचं पौष्टिक अन्न कसं निवडावं

धरमपेठ, गोकुळपेठ, बर्डी, कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात गेलात तर हल्ली एक फळी वेगळी मांडलेली दिसते. किनोआ, चिया, मोरिंगा पावडर, गोजी बेरी, गुलाबी मीठ, स्पिरुलिनाच्या गोळ्या. पाकिटं देखणी, भाव चढे, आणि बहुतेकांवर ‘सुपरफूड’ असं ठळक छापलेलं. तिथून थोडं पुढे भाजीबाजारात मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, हरभऱ्याची भाजी, आवळे, तुरीच्या शेंगा विकायला असतात. त्यांच्यावर काहीच छापलेलं नसतं. महिन्याचा खर्च ठरलेल्या घरात पाकिटावर जाणारा पैसा कुठून तरी कापला जातो, आणि तो बहुधा डाळ, दूध, फळं यांच्याच वाट्यातून जातो. म्हणून हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

‘सुपरफूड’ला आपल्या कायद्यात व्याख्या नाही. कुठला घटक किती असला म्हणजे हा शब्द लावायचा, असा नियम नाही. युरोपीय संघाने २००७ पासून नियम केला की शास्त्रीय पुराव्याचा आधार असलेला मान्य आरोग्य-दावा सोबत नसेल, तर हा शब्द पाकिटावर छापता येणार नाही. आपल्याकडे तपासणी आपल्यालाच करावी लागते. ती अवघड नाही, फक्त क्रमाने करायला हवी.

पहिली पायरी: दावा नेमका कशाचा आहे ते वेगळं काढा

पाकिटावरची वाक्यं साधारण तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार मोजता येणारा: ‘प्रथिनं भरपूर’, ‘कॅल्शियमयुक्त’, ‘तंतुमय’. याची पडताळणी पाकिटामागच्या तक्त्यावरून होते.

दुसरा प्रकार प्रयोगशाळेतला: ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’. पदार्थाची ही ताकद काचेच्या नळीत मोजली जाते, आणि नळीत जे घडतं ते शरीरात तसंच घडेल याची खात्री नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अशी क्रमवारी आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. कंपन्या तिचा गैरवापर करतात आणि त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध दाखवता येत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली. जाहिरातींत मात्र ते आकडे पुढेही फिरत राहिले.

तिसरा प्रकार रोग बरा करण्याचा: ‘मधुमेह मुळापासून घालवा’, ‘कॅन्सरपासून बचाव’. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार अन्नपदार्थ एखादा रोग बरा करतो असं म्हणता येत नाही. असं वाक्य दिसलं की पुढचं वाचत बसू नका, पाकीट फळीवर परत ठेवा.

दुसरी पायरी: शंभर ग्रॅमवरून चमच्यावर या

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

मोरिंगा म्हणजे आपला मुनगा. त्याच्या पावडरीबद्दल ‘पालकापेक्षा २५ पट लोह’ असं सर्रास सांगितलं जातं. ही तुलना वाळवलेल्या पावडरीची आणि ताज्या पालकाची असते. पाल्यातलं पाणी उडालं की शंभर ग्रॅममागचा प्रत्येक आकडा फुगणारच; मेथी वाळवून मोजली तरी हेच होईल. आता खाण्याचं माप लावू. शंभर ग्रॅम पावडरीत २८ मिलिग्रॅम लोह आहे हा दावा क्षणभर खरा धरला, तरी आपण घेणार एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. त्यातून मिळालं १.४ मिलिग्रॅम. ताज्या मुनग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅममागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. एका माणसाच्या भाजीला ५० ग्रॅम पाला धरला तर सव्वादोन मिलिग्रॅम होतं. शिवाय ताज्या पाल्यातलं ‘क’ जीवनसत्त्व वाळवताना बरंचसं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. एवढ्या गरजेपुढे चमचाभर पावडरीने फारसा फरक पडत नाही, आणि एका भाजीनेही दिवस भरत नाही. धान्य, डाळ, पालेभाजी, तीळ असं सगळं मिळूनच तो आकडा गाठावा लागतो.

नाचणीचंही असंच. ‘दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हे शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम खरं आहे: नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम, गाईच्या दुधात १२० च्या आसपास. पण नाचणीची एक भाकरी ४५-५० ग्रॅम पिठाची, आणि दुधाचा पेला २०० मिलिलिटरचा. भाकरीतून मिळालं १६०-१८०, पेल्यातून २४०. नाचणीतल्या फायटेट या खनिजं बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे तिच्यातलं कॅल्शियम शोषलंही थोडं कमी जातं. नाचणी उत्तम धान्य आहे, जरूर खावं. पण तिच्या भरवशावर घरातल्या मुलाचं दूध बंद करू नये.

आता संत्र्याकडे येऊ, आपल्या जिव्हाळ्याचं फळ. ‘आवळ्यात संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व’ हे बरोबर आहे. शंभर ग्रॅम आवळ्यात सुमारे २५०, संत्र्यात सुमारे ४३ मिलिग्रॅम. पेरूही २०० च्या वर जातो. पण बाईमाणसाची रोजची गरज आहे ६५ आणि पुरुषाची ८० मिलिग्रॅम. म्हणजे दोन संत्री खाल्ली की दिवसाची गरज भागली. त्यापुढचं जादा ‘क’ जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवत नाही, लघवीवाटे टाकून देतं. गरज भागल्यावर ‘सहापट’ला अर्थ उरत नाही. हिवाळ्यात अंबिया बहाराची संत्री येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. तेव्हा संत्री खावीत, आणि सोलून खावीत. एका पेला रसात तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा गाळणीत राहतो.

थोडक्यात, दावा दिसला की तीन गोष्टी विचाराव्यात: मी एका वेळी किती खाणार? आठवड्यातून किती वेळा खाणार? आणि त्यासाठी ताटातलं काय कमी करणार?

तिसरी पायरी: बाजारात त्याचा जोडीदार शोधा

चियाचं नाव मुख्यतः तंतुमय घटक आणि वनस्पतीज ओमेगा-३ यांसाठी आहे. हे दोन्ही जवसात आहेत, आणि ओमेगा-३ तर चियापेक्षा थोडं जास्तच: शंभर ग्रॅम जवसात २०-२२ ग्रॅम, चियात १८ च्या आसपास. जवस विदर्भाच्या स्वयंपाकात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि इतवारीच्या कुठल्याही धान्य-दुकानात मिळतं. एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम, दळलेलं जवस रोज पोटात गेलं तर दोन ग्रॅमच्या वर ओमेगा-३ मिळतं. माशातल्या प्रकारात त्याचं रूपांतर शरीरात थोडंच होतं, त्यामुळे जवस माशाची जागा पूर्ण घेत नाही. पण मासे न खाणाऱ्या घरात त्याचा आधार मोठा आहे.

अख्खं जवस मात्र बरंचसं न पचता तसंच बाहेर पडतं, ते दळूनच खायला हवं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर जवस टाका आणि हलवत राहा. तडतड सुरू झाली आणि दाणा किंचित फुगला की उतरवा. काळपट होऊ देऊ नका. त्याच कढईत सुकी लाल मिरची, जिरं आणि ठेचलेला लसूण परतून घ्या. लसणाचा ओलेपणा पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर चटणी दोन दिवसांत वास मारते. सगळं नीट गार झाल्यावर मीठ घालून दळा. गरमच दळलं तर तेल सुटून गोळा होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा जवसाचं तेल लवकर खवटतं. म्हणून एप्रिलपासून एका वेळी आठवड्याचीच चटणी करा आणि डबा फ्रीजमध्ये ठेवा. ऑइल पेंटसारखा उग्र वास आला तर जीव अडकवू नका, टाकून द्या. दिवसाला एक-दोन चमचे पुरेत, आणि सोबत पाणी भरपूर प्या.

किनोआत शंभर ग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं आहेत, ही त्याची जमेची बाजू. आपल्याकडे हेच काम भाकरी आणि वरण मिळून करतं. ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, पण लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी. तुरीच्या डाळीत २१-२२ ग्रॅम, लायसिन भरपूर, मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीसोबत तीस ग्रॅम डाळीचं वरण घेतलं तर साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं झाली. पन्नास ग्रॅम किनोआतून सात मिळतात.

भावाचा हिशेब करायची एक सोपी रीत आहे. किलोच्या भावाला शंभर ग्रॅममधल्या प्रथिनांच्या आकड्याने भागा. दहा ग्रॅम प्रथिनं किती रुपयांना पडतात ते निघतं. समजा तूरडाळ १५० रुपये किलो आहे, तर १५० भागिले २२, म्हणजे सात रुपयांच्या आत. समजा किनोआ ५०० रुपये किलो, तर ५०० भागिले १४, म्हणजे छत्तीसच्या आसपास. शेंगदाण्यात २४ ग्रॅमच्या जवळ आणि सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या वर प्रथिनं असतात. आजचे भाव घालून तुम्हीच पाहा. विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं आणि बहुतेक घरांत त्याचं फक्त तेल येतं, याची मला खंत वाटते. वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून रश्शात टाकल्या की पंचवीस ग्रॅममध्ये बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. अख्खं सोयाबीन वापरणार असाल तर भिजवून पूर्ण शिजवा. कच्च्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात.

बाकीच्यांचं पटकन सांगते. ब्लूबेरीचा जांभळा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो ते जांभळातही असतं. अ‍ॅव्होकाडोतल्या चांगल्या स्निग्धाचा मुख्य भाग ओलेइक आम्ल आहे, शेंगदाण्यातही तेच मुख्य आहे. गुलाबी मीठ जवळपास पूर्णच सोडियम क्लोराइड असतं. त्यातली इतर खनिजं नगण्य, आणि बऱ्याच पाकिटांत आयोडीन घातलेलं नसतं. त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं आणि ते शोषलंही कमी जातं. फोडणीतली हळद चांगलीच, पण कर्क्युमिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, त्यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत.

स्पिरुलिनाविषयी मात्र जरा ठामपणे सांगावंसं वाटतं. ‘शाकाहारींसाठी बी-१२’ म्हणून ती विकली जाते. तिच्यात जे असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला उपयोगी न पडणारं रूप असतं. बी-१२ कमी पडून हातापायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, आणि माणूस त्या गोळ्यांवर विसंबून महिने घालवतो. शाकाहारी घरात बी-१२ दूध, दही, ताक यांतून येतं. शंका असेल तर रक्त तपासा आणि डॉक्टर देतील ते घ्या.

चौथी पायरी: पाकीट उलटं करा

पुढची बाजू विकण्यासाठी असते. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे सगळ्यात जास्त असलेला घटक सगळ्यात आधी. ‘नाचणी बिस्किटां’च्या यादीत पहिलं नाव मैदा किंवा गहू असेल, दुसरं साखर आणि नाचणी त्यानंतर, तर ती मैद्याची किंवा गव्हाचीच बिस्किटं. ज्या घटकाचं नाव पुढे मिरवलेलं असतं त्याची टक्केवारी यादीत द्यावी लागते. मल्टिग्रेन आट्याच्या पिशवीवर ती आवर्जून शोधा. गहूच नव्वद टक्के निघाला, तर त्यापेक्षा गिरणीत गव्हासोबत मूठभर सोयाबीन, हरभरा आणि ज्वारी दळून आणणं स्वस्त पडेल.

साखरेची नावं ओळखून ठेवा: ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, गूळ, मध, खजूर सिरप. ‘साखर घातलेली नाही’ याचा अर्थ ‘साखर नाही’ असा होत नाही; खजुराच्या वडीत स्वतःची साखर भरपूर असते. ‘शुगर फ्री’ छापायचं तर शंभर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही. ‘हाय फायबर’साठी घन पदार्थात शंभर ग्रॅममागे किमान ६ ग्रॅम तंतुमय घटक लागतात. साध्या ज्वारीच्या पिठात ते दहा ग्रॅमच्या आसपास असतात, कुठलीही जाहिरात न करता.

‘कोलेस्टेरॉल नाही’ हे तेलाच्या पिशवीवर वाचून खूश होऊ नका, वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसतं. ब्राउन ब्रेडच्या यादीत कॅरमल रंग दिसला तर तपकिरी रंग कुठून आला ते कळतं. एप्रिल २०२४ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना दुधाची, धान्याची, माल्टची पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका असं सांगितलं, आणि जूनमध्ये पाणी घालून परत तयार केलेल्या रसांवरचं ‘१०० टक्के फळांचा रस’ हे लिखाण काढायला लावलं. जुन्या सवयीने आपण ती पेयं अजूनही पौष्टिक धरून चालतो, तेवढं तपासून पाहा.

पाचवी पायरी: आपल्या ताटात काय कमी आहे ते पाहा

कुठलं सुपरफूड आणायचं हे ठरवण्याआधी घरात काय कमी पडतंय ते बघायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं २००० कॅलरीचं दिवसभराचं ताट साधारण असं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम.

चार दिवस घरातलं अन्न या मापाशी ताडून बघा. एकदा वजनकाट्यावर कच्ची डाळ आणि चिरलेली भाजी तोलून वाटीची खूण ठरवली की रोज तोलायची गरज नाही. बहुतेक घरांत धान्य आणि तेल मापाबाहेर जातं, भाजी निम्म्यावर राहते, डाळ पातळ होत जाते आणि फळ आजारी माणसापुरतं येतं. जे सगळ्यात कमी निघेल तिथे पहिला रुपया घाला.

भाजी ऋतूप्रमाणे घेतली तर खिशालाही परवडते. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, मेथी, पालक, चवळी, तुरीचे सोले, पोपटाच्या शेंगा, आवळा, बोरं, पेरू. पावसाळ्यात काटवल (कर्टोली), घोळ, तरोट्याचा (टाकळ्याचा) कोवळा पाला. उन्हाळ्यात नागपुरात पालेभाजी महागते आणि लगेच मान टाकते. त्या दिवसांत थंडीत वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, भिजवलेली मटकी-बरबटी, कांदा-काकडी, कैरी आणि ताक यांवर भर द्या. वाळवलेल्या भाजीतलं ‘क’ जीवनसत्त्व जातं, लोह आणि कॅल्शियम राहतं. कैरी किंवा लिंबू सोबत आलं की ती कमतरता भरून निघते, आणि वनस्पतीतलं लोहही जास्त शोषलं जातं. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते शोषण कमी करतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. यासाठी एक पैसाही लागत नाही आणि रोज फायदा होतो.

पालेभाजी चिरण्याआधी धुवा, नंतर नाही. भाजी शिजवलेलं पाणी काढून टाकू नका, आणि लोखंडी कढई असेल तर ती वापरात आणा.

सहावी पायरी: कुणी काय जपायचं

‘हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या’ पावडरी आणि काढ्यांबद्दल विदर्भात जास्तच सावध राहायला हवं. रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहाची कमतरता हेच नसतं. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण लक्षणीय आहे. त्यात तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात म्हणून रक्त कमी होतं, आणि वारंवार रक्त भरावं लागणाऱ्यांच्या शरीरात लोह साठून अपाय होऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग लोह. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीचा समावेश आहे, सरकारी दवाखान्यात विचारा. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलसेमिया असेल तर बाकीच्यांनीही, निदान लग्नाआधी तरी, तपासून घ्यावं.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी जास्त प्रथिनांच्या पावडरी, हिरवे रस आणि नारळपाण्याचा रतीब डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, पोटॅशियम वाढतं. वॉरफरीन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये, रोज सारखं ठेवावं. मधुमेह असलेल्यांसाठी गूळ आणि मध ही साखरच आहे, मापात धरावी.

शेवटची पायरी: चुकीचा दावा दिसला तर

पाकिटाचे चारही बाजूंचे फोटो काढा, त्यात चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. बिल जपून ठेवा. पाकिटावरच्या मजकुराची तक्रार अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवर करता येते. जाहिरातीबद्दलची तक्रार भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे. ऑगस्ट २०२३ पासून परिषदेच्या नियमांनुसार आरोग्याविषयी सल्ला देणाऱ्या समाजमाध्यमावरच्या प्रचारकांनी आपली पात्रता सांगणं आवश्यक आहे. एखाद्या व्हिडिओत ती दिसली नाही, आणि खाली पावडर विकत घेण्याची लिंक असेल, तर त्या व्हिडिओचा स्क्रीनशॉटही तक्रारीला जोडा.